तंजावरचा बँड आणि आबांचं क्लॅरिनेट

(विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिका छापताना आयोजकांनी मला फोन केला. नावापुढे काय लिहायचं, म्हणाले. मी सांगितलं, ‘निवृत्त बँडमास्तर’. ते जरा थांबले. म्हणाले, ‘सर, निवृत्त सुभेदार लिहू का?’ मी म्हटलं, दोन्ही लिहा, पण बँडमास्तर आधी. हे ‘आधी’ म्हणायला मला पन्नास वर्षं लागली. ती का लागली, तेच आज सांगणार आहे.

तुमच्यातले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. मीही आहे. नोकरीत असताना मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. म्हणून उपदेश करायला आलेलो नाही. माझ्याच्यानं एक चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये एवढ्यासाठी आलोय.

सुरुवात तंजावरपासून करतो. गेल्या हिवाळ्यात मी आणि मंडळी तिथं गेलो होतो. मराठी माणूस तंजावरला गेला की त्याची छाती फुगते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तिथं राज्य उभं केलं. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. आमच्या गाडीतले सहप्रवासी त्या शिलालेखासमोर फोटो काढत होते. मी मात्र वेगळ्याच कारणासाठी गेलो होतो. तिथल्या एका मराठी राजानं दोनशे वर्षांपूर्वी बँड ठेवला होता, हे मी नोकरीत असताना ऐकलं होतं.

हा राजा म्हणजे दुसरे सरफोजी. जन्म १७७७, गादीवर आले १७९८ मध्ये. श्वार्त्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीत त्यांचं शिक्षण झालं. १७९९ च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीनं घेतला. राजाकडे किल्ला, तनखा आणि वेळ उरला. तो वेळ त्यांनी पुस्तकं, वैद्यक, चित्रं आणि संगीत यांत घातला. दरबारात वीणा होती, गाणं होतं, नाच होता, आणि त्याच्या शेजारी युरोपी वाद्यांचा बँडही होता. पाश्चात्त्य स्वरलिपीतले कागद त्यांनी ग्रंथालयासाठी जमवले. म्हणजे ज्या काळात लंडनहून बोट यायला महिनेच्या महिने लागत, त्या काळात कावेरीच्या काठी क्लॅरिनेट वाजत होतं.

माझ्यासारख्याला हे ऐकून आनंद व्हायचाच. पण मी बँडवाला. बँड म्हटलं की माझ्या मनात दोन प्रश्न येतात. फुंकत कोण होतं? आणि पूर्ण कागद कुणापुढे होता?

हा ‘पूर्ण कागद’ काय असतो, ते समजावून सांगतो.

बँडमध्ये प्रत्येक वादकापुढे एक कागद असतो. त्यावर फक्त त्याच्या वाद्याचे सूर. दुसरं क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला पहिलं क्लॅरिनेट काय वाजवतंय, ते त्याच्या कागदावर दिसत नाही. मास्तरपुढे मात्र एक मोठा कागद असतो. त्याला स्कोअर म्हणतात. वर बासरी, खाली क्लॅरिनेट, मग सॅक्सोफोन, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, सर्वांत खाली ढोल. पंधरा-वीस ओळी एकाखाली एक आणि सगळ्या एकाच वेळी वाचायच्या. वर आणखी एक गोम आहे. ही सगळी वाद्यं एका पट्टीत लिहिलेली नसतात. बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या कागदावर ‘सी’ लिहिलेला असला तर कानावर ‘बी-फ्लॅट’ पडतो. ऑल्टो सॅक्सोफोनचं गणित त्याहून वेगळं. डोळ्यांना एक दिसतं, कानाला दुसरं ऐकू येतं, आणि मास्तरानं दोन्हींचा मेळ डोक्यात घालायचा. शिवाय फुंकणाऱ्यांचा दमसास सांभाळायचा. लांब सूर असेल तर चार क्लॅरिनेटवाल्यांनी एकदम श्वास घेतला की सूर तुटतो. म्हणून कुणी कुठं श्वास घ्यायचा तेही ठरवून द्यावं लागतं. हातातली काडी स्वतः एकही आवाज करत नाही. पण कुठं वाजवायचं, किती, कुणी थांबायचं, हे ती ठरवते. आणि तिला ते ठरवता येतं, कारण पूर्ण कागद तिच्यापुढे असतो.

आता माझ्या घरी चला. लातूर जिल्ह्यातलं एक गाव, मांगवाडा. आजोबा सनई वाजवायचे. हलगी तर घराघरात. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सनई सोडून जुनं क्लॅरिनेट विकत घेतलं आणि तालुक्याच्या गावी लग्नाच्या बँडमध्ये लागले. पुढे तेच त्या बँडचे मास्तर झाले. लग्नसराईत रात्र रात्र चालत वाजवायचं. वरातीच्या कडेनं बत्त्या डोक्यावर घेऊन आमच्याच वाड्यातल्या बाया चालायच्या. पाऊस लागला की गणवेश ट्रंकेत आणि आबा दुसऱ्याच्या रानात रोजानं. आबांना अक्षर येत नव्हतं. रेडिओवर गाणं दोनदा ऐकलं की बोटात बसायचं.

ही कला होती, यात वाद नाही. पण तिच्यावर सक्ती किती होती तेही बघा. बाबासाहेबांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बलाई समाजाची हकिकत दिली आहे. १९२८ सालची, इंदूर भागातली. पंधराएक गावांतल्या सवर्णांनी बलाईंना नियम घालून दिले. जरीकाठी पागोटं घालायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. त्या यादीत एक नियम असा होता की हिंदूंच्या प्रत्येक लग्नात बलाईंनी वाजवलंच पाहिजे. आणि आणखी एक, की या सेवेचा मोबदला मागायचा नाही, देतील ते घ्यायचं. म्हणजे वाजवणं हा हुकूम होता आणि पैसे ही मेहेरबानी. माझ्या आजोबांनी हे पुस्तक वाचलं नव्हतं. त्यांना हा नियम पुस्तकाशिवायच पाठ होता.

हे काम आमच्याच वाट्याला का आलं? हलगी, ढोल यांना कातडं लागतं. सनई तोंडात धरावी लागते, तिला थुंकी लागते. शुद्ध-अशुद्धाच्या हिशेबात कातडंही विटाळ आणि उष्टंही विटाळ. म्हणून गळा आणि वीणा वरच्यांकडे राहिली, फुंक आणि थाप खालच्यांकडे आली. बासरीसारखा अपवाद सापडतो. कुंभकोणमचे शरभशास्त्री ब्राह्मण होते आणि मोठे बासरीवादक होते. पण अपवाद मोजता येतात एवढेच आहेत. देवाला, लग्नाला, राजाच्या स्वारीला हे वाद्य हवं असतं; वाजवणारा ओसरीच्या खाली हवा असतो.

तंजावर भागात हीच गोष्ट नागस्वरमची. नागस्वरम म्हणजे आपल्या सनईची थोरली बहीण समजा. देवळात आणि मिरवणुकीत ते वाजवणारे विद्वान उभ्यानं, चालत वाजवायचे. अंगात सदरा नाही, उपरणं कमरेला बांधलेलं. तिरुवावडुदुरैचे टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांनी हे मोडलं. जन्म १८९८ चा. त्यांनी केस कापले, कोट घातला, आणि गवयाला मंचावर बसवता तसं मलाही बसवा, म्हणून हट्ट धरला. १९४७ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्य आलं त्या रात्री दिल्लीत त्यांचं नागस्वरम वाजलं. त्याच जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या तिरुक्कुवळै गावात १९२४ मध्ये एम. करुणानिधी जन्मले. त्यांनाही लहानपणी हे वाद्य शिकायला घातलं होतं. वरच्या जातींपुढे उघड्या अंगानं वागण्याचा अपमान त्यांना तिथं कळला. संगीताची शिकवणी हा आपला राजकारणाचा पहिला वर्ग होता, असं ते पुढे सांगत. या दोघांचा इसै वेळ्ळाळर समाज अस्पृश्य गणला गेला नव्हता. तरी त्यांची ही गत. मग परई वाजवणाऱ्यांचं काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको. त्यांच्या जातीचं नावच वाद्यावरून पडलं आणि वाद्य मयताला बांधलं गेलं.

आता तंजावरच्या बँडकडे परत या. त्याच काळात, त्याच मुलखात, मुथुस्वामी दीक्षितांनी इंग्रजी बँडच्या चाली ऐकल्या आणि त्यांवर संस्कृत शब्द बसवून चाळीसेक रचना केल्या. इंग्रजांच्या राष्ट्रगीताची चालसुद्धा त्यात आहे. त्या आजही शिकवल्या जातात, छान आहेत. चाल उचलणाऱ्याचं नाव राहिलं. बँड ठेवणाऱ्या राजाचं नाव राहिलं. ज्यांच्या फुंकेतून ती चाल बाहेर आली त्यांचं नाव कुणी घेत नाही. १८५५ मध्ये सरफोजींच्या मुलाच्या मृत्यूनंतर कंपनीनं उरलंसुरलं राज्य खालसा केलं. दरबार उठला. पण तमिळ मुलखात क्लॅरिनेट राहिलं. आधी नाचाच्या साथीला, मग मैफलीत. तिरुचीचे ए. के. सी. नटराजन नागस्वरमच्या परंपरेतून आले आणि क्लॅरिनेटवर कर्नाटक संगीत वाजवून नावाजले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

माझ्या शिक्षणाचं सांगतो. दहावी झाल्यावर मी फौजेत वादक म्हणून भरती झालो. क्लॅरिनेट घरून येत होतं, त्यामुळे चाचणी सोपी गेली. पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी पुढ्यात कागद ठेवला आणि म्हणाले, वाजव. मी म्हटलं, एकदा ऐकवा, लगेच वाजवतो. सगळे हसले. अठरा वर्षांचा मी, दीडशे गाणी येत होती आणि एक ओळ वाचता येत नव्हती.

मग पचमढीला गेलो. तिथं लष्कराची संगीत शाळा आहे, १९५० साली जनरल करिअप्पांच्या काळात सुरू झालेली. त्याआधी बँडमास्तर घडायचे ते इंग्रजांच्या नेलर हॉलमध्ये. ती शाळा १८५७ ची. तिच्या जन्माची कथा आम्हाला वर्गात सांगत. क्रिमियाच्या युद्धात राणीच्या वाढदिवसाच्या संचलनाला बऱ्याच पलटणींचे बँड एकत्र आले आणि प्रत्येकानं एकच राष्ट्रगीत आपापल्या पट्टीत वाजवलं. त्या गोंगाटानंतर साहेबाला कळलं की मास्तर घडवावा लागतो. पचमढीत वादकाचा अभ्यासक्रम वेगळा, बँडमास्तरचा वेगळा आणि बराच लांब. त्यात स्वरलिपी, सुरांचे मेळ, एका चालीची वीस वाद्यांत वाटणी, हाताच्या खुणा, आणि कान. रात्री दिवे गेल्यावर मी गादीवर पडून हवेत चौका मारायचो. ज्या दिवशी स्कोअर बघून, कुणीही न वाजवता, डोक्यात पूर्ण बँड ऐकू आला, त्या दिवशी मी वसतिगृहाच्या मागे जाऊन रडलो. अक्षर पहिल्यांदा लागल्यावर माझ्या मावशीला झालं होतं तसं झालं मला.

आणि आता चूक सांगतो. पचमढीत कुणी विचारलं, बाप काय करतो? मी सांगायचो, शेती. आम्हाला शेत नव्हतं. फौजेचा बँड म्हणजे इज्जत, लग्नाचा बँड म्हणजे जात. अशी माझी समजूत. वाद्य तेच, चालही कधी कधी तीच. एकदा सुट्टीत एका फौजी मित्राच्या लग्नाला गेलो. मी सूट घालून वरातीत पुढे. कोपऱ्यावर बँड वळला आणि समोर आबा. त्यांनी मला पाहिलं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि वाजवत राहिले. सूर जरासुद्धा हलला नाही. मित्रानं विचारलं, ओळखतोस का? मी म्हटलं, नाही.

माझी लाज आबांना माझ्याआधी कळली होती. ती झाकायचं कामही त्यांनीच केलं.

पुढच्या सुट्टीत मी नवरी निघताना आबा वाजवायचे ती चाल सोळा वाद्यांसाठी लिहून घरी नेली. माफी मागायची ती दुसरी रीत मला सुचली नाही. आबांनी कागद मांडीवर घेतला. ‘ह्यातलं माजं कंचं?’ मी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. ‘आन् बाकीचं?’ म्हटलं, बाकी सगळ्यांचं. हे सगळं ज्याच्यापुढं असतंय तो मास्तर. आबा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ‘मग म्या कसला मास्तर, लेका? मला तर एक रेघ बी वाचता येत न्हाई.’

ते चुकीचं होतं. भर वरातीत, फटाक्यांच्या आवाजात, मागच्या रांगेतला युफोनियमवाला एका सुरानं चुकला तरी आबांची मान वळायची. पूर्ण कागद त्यांच्या कानात होता. फक्त तो कानातच होता. त्यामुळे तो विकता आला नाही, त्यावर नाव घालता आलं नाही, दुसऱ्याच्या हाती देता आला नाही. आबा गेले तेव्हा ती दीडशे-दोनशे गाणी, त्यांचे बदललेले ठेके, कुठल्या गल्लीत काय वाजवायचं याचा हिशेब, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. माझ्याकडे सोळा ओळींचा तो एक कागद उरला.

म्हणून तंजावरला मला खरा भेटला तो दुसराच माणूस. अब्राहम पंडितर. जन्म १८५९. नाडर समाजातले ख्रिस्ती. हा समाज त्या काळी देवळाबाहेर ठेवलेला. तंजावरात स्थायिक झाले, सिद्ध वैद्यकीची औषधं बनवून पैसा कमावला आणि तो संगीतावर घातला. पाश्चात्त्य स्वरलिपी शिकले. १९१२ पासून तंजावरात स्वतःच्या खर्चानं संगीत परिषदा भरवल्या, विद्वानांना बोलावून श्रुतींवर वाद घातला. १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयानं, भातखंड्यांच्या पुढाकारानं अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथं हे गेले आणि आपला सिद्धान्त मांडला. प्रात्यक्षिक दाखवायला सोबत त्यांच्या मुली होत्या. १९१७ मध्ये ‘करुणामृत सागरम’ हा हजारावर पानांचा ग्रंथ काढला. त्यांचा सिद्धान्त सगळ्यांना पटला असं नाही. पण विद्या वरच्यांची आणि राबणं आपलं, ही वाटणी त्यांनी मानली नाही. त्यांनी एका ओळीवर समाधान मानलं नाही, पूर्ण कागद मागितला.

कागद मिळाला की काय होतं, हे गोव्यातही दिसतं. तिथं चर्चच्या शाळेत पोरांना स्वरलिपी शिकवायचे. जात तिथंही होती, पण स्वरलिपी गावातल्या शाळेत मिळत होती. म्हणून संस्थानांच्या आणि पोलिसांच्या बँडमध्ये, पुढे मुंबईच्या सिनेमात, कागद लिहिणारे गोव्याचे निघाले. अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, माजोर्ड्याचे. आणि तमिळनाडूत पन्नैपुरमच्या दलित कुटुंबात १९४३ मध्ये जन्मलेले इळैयराजा भावाच्या पथकाबरोबर गावोगाव पेटी वाजवत फिरले, मद्रासला धनराज मास्तरांकडे स्वरलिपी शिकले, आणि ८ मार्च २०२५ ला लंडनमध्ये रॉयल फिलहार्मोनिकनं त्यांची सिंफनी वाजवली. त्या प्रत्येक वादकापुढचा कागद इळैयराजांनी लिहिलेला होता.

तुम्ही विचाराल, बाबासाहेबांनी तर गावकीची कामं सोडा म्हणून सांगितलं, मग वाद्य सोडायचं की धरायचं? सक्ती सोडायची, यात दुमत नको. हुकमानं वाजवणं, मागितलं तर मार आणि न मागता तुकडा, हे संपलंच पाहिजे. बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते. संगीताशी त्यांचं वैर नव्हतं. तमिळनाडूत आज तरुण मुलंमुली परई मुद्दाम शिकतात आणि मोर्चात वाजवतात. ज्याला सोडायचं त्यानं सोडावं, ज्याला धरायचं त्यानं धरावं. पण सोडताना बापाला ओळख दाखवायची सोडू नका. ती दोन कामं वेगळी आहेत. मी ती एकच समजलो.

हे बँडपुरतं नाही. तुमच्यातला कुणी बँकेत लागेल, कुणी कचेरीत, कुणी पीएच.डी. करेल. तिथं तुम्हाला एक ओळ देतील. ‘एवढं नीट करा’ म्हणतील. नीट करा. पण शेजारच्या ओळीत काय लिहिलंय ते विचारत राहा. नियम कुठं लिहिलाय, पैसा कुठून येतो, निवड समितीत कोण बसतं. आपल्या घरातल्या तीन पिढ्यांनी सूर बरोबर लावला आणि कधी थांबायचं ते दुसऱ्यानं ठरवलं.

निवृत्तीनंतर मी तालुक्याच्या गावी दर रविवारी मुलांना शिकवतो. चौदा मुलं आहेत, त्यात चार मुली. ट्रॉम्बोन एक मुलगीच वाजवते. काही जण पोलीस भरतीत बँड्समनच्या जागेसाठी तयारी करतात, एक जण ट्रिनिटीच्या परीक्षा देतोय. माझा नियम एकच. दर रविवारी एक मूल पुढे येतं, काडी हातात घेतं आणि पूर्ण कागद वाचतं. चुकतं, बँड कोसळतो, सगळे हसतात, पुन्हा सुरू करतात. आम्ही पहिली चाल बसवली ती नवरी निघतानाची. कागदावर वरच्या उजव्या कोपऱ्यात रचनाकाराचं नाव लिहायची रीत असते. तिथं मी आबांचं नाव लिहिलंय.

सुट्टीत घरी जाल तेव्हा एक वही न्या. आई, बाप, आजी, जे कुणी असेल त्यांना विचारा, तुला काय काय येतं? बी कसं निवडायचं, कातडं कसं कमवायचं, ओवी, ठेका, झाडपाला, काहीही असू दे. लिहून घ्या, आणि वर त्यांचं नाव घाला. आणि भर रस्त्यात ते समोर आले, आणि तुमच्यासाठी त्यांनी मान वळवली, तर तुम्ही पुढे होऊन हाक मारा.

जय भीम.